जुना लॅपटॉप : परीक्षा, दुरुस्ती व सुधारणा

बिघडलेल्या यंत्राविषयीं पहिला प्रश्न "काय बदलावें?" हा नसून "अजून काय चालू आहे?" हा असतो. ह्या दृष्टीनें आज आम्ही एका जुन्या लॅपटॉपाचा अभ्यास करणार आहों. आय. बी. एम. कंपनीनें इ. स. २००४ मध्यें काढलेला थिंकपॅड टी ४२ हा तो होय. २००५ सालीं कंपनीचा हा व्यवसाय लेनोवो कंपनीकडे गेला. परंतु ह्या यंत्राच्या दुरुस्तीचें सविस्तर पुस्तक, कोणता स्क्रू कोठला येथपर्यंत तपशील देणारें, अजून मिळतें. तें आधीं वाचावें, मग स्क्रूड्रायव्हर हातीं घ्यावा.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं असेंच यंत्र आहे. त्यावर त्याच्या आजोबांनीं अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या आठवणी होत्या व त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. एके दिवशीं पडदा काळाच राहिला. बाजारांतील कारागिरानें "बोर्ड गेला, टाकून द्या" असा निकाल दिला. मुलगा यंत्र घेऊन आला, तेव्हां आम्हीं दुरुस्तीस हात न घालतां प्रथम डिस्क बाहेर काढली. ह्या यंत्रांत एक स्क्रू काढला कीं ती बाजूनें सरकून येते. यूएसबी जोडणीनें ती दुसऱ्या संगणकास लावून सर्व लेखन उतरवून घेतलें. हा क्रम पालकांनींही ध्यानांत ठेवावा; यंत्र पुन्हां विकत मिळतें, आंतील मजकूर मिळत नाहीं.

आतां काळा पडदा. अडॅप्टर व बॅटरी दोन्ही काढून चालू करण्याचें बटण अर्धें मिनिट दाबून धरावें व मग केवळ अडॅप्टर लावून पाहावें. हें यंत्र बॅटरीवांचून चालतें. अडॅप्टर १६ व्होल्टांचाच हवा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर पहिला संशय मेमरीवर घ्यावा. दोन पट्ट्यांपैकीं एक काढून दुसरीवर यंत्र चालवून पाहावें, मग उलट करावें. त्या मुलाच्या यंत्रांत एका पट्टीचे सोनेरी संपर्क मळले होते. खोडरबरानें ते हलकेच पुसून, भुगा झटकून, पट्टी घट्ट बसवितांच यंत्र चालूं लागलें. खर्च कांहीं नाहीं!

सुरू होतांना यंत्र कधीं एखादा आंकडा दाखवितें. तो रोगाचें नांव सांगतो. १६१ म्हणजे घड्याळ राखणारी नाण्याएवढी बॅटरी संपली. १६३ म्हणजे तारीख व वेळ लाविलेली नाहीं. १८०२ म्हणजे कंपनीच्या यादींत नसलेलें वायरलेस कार्ड बसविलें आहे. मात्र सुपरवायझर पासवर्ड हें प्रकरण निराळें. ही लहान बॅटरी काढल्यानें तो पुसला जात नाहीं. तो विसरल्यास कंपनीच्या पुस्तकाप्रमाणें बोर्डच बदलावा लागतो. म्हणून जुनें यंत्र विकत घेणाऱ्यानें तें सुरू होतांना एफ १ ही कळ दाबून पाहावी, आणि पासवर्ड मागितला गेल्यास पैसे खिशांतच ठेवावे.

चित्रावर आडव्यातिडव्या रेघा उमटूं लागल्या, किंवा एका कोपऱ्यास धरून उचलतांच यंत्र थबकलें, तर बोर्ड वांकून चित्र-चिपेखालील डांकाचे सांधे तडकले असण्याचा संभव असतो. असा बोर्ड घरच्या भट्टींत भाजण्याचा उपाय कोणी सांगतात. तो करूं नये. यंत्र नेहमीं दोन्ही हातांनीं उचलावें हेंच बरें.

सुधारणेस मर्यादा आहेत. मेमरी २ गिगाबाइटांपर्यंतच वाढते व ती डीडीआर जातीची लागते. डीडीआर २ पट्टीलाही २०० च संपर्क असतात, पण तिची खांच किंचित् सरकलेली असते, आणि ती २.५ ऐवजीं १.८ व्होल्टांवर चालते. बळें दाबूं नये. खरा फरक पडतो तो डिस्क बदलल्यानें. जुनी फिरती डिस्क काढून ४४ पिनांच्या जोडपट्टीवर एमसाटा एसएसडी बसविली, तर सुरू होण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. त्याच वेळीं पंख्यांतील धूळ काढून प्रोसेसरावर नवा उष्णतावाहक लेप द्यावा. जुना वाळून कोरडा झालेला असतो.

राहिली चालकप्रणाली. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबली. तिच्यावर बँकेचे व्यवहार किंवा परीक्षेचे अर्ज मुळींच करूं नयेत. ह्यांतील पेंटियम एम प्रोसेसर ३२ बिटांचा असल्यामुळें ६४ बिटांची प्रणाली चालत नाहीं. डेबियनची २०२३ सालची बारावी आवृत्ति ह्यावर बसते. २०२५ च्या तेराव्या आवृत्तींत ३२ बिटांच्या पीसीवर नव्यानें बसविण्याची सोय राहिली नाहीं. निबंध लिहिणें, हिशेब ठेवणें, प्रोग्रॅम शिकणें ह्यांस हें यंत्र आजही पुरतें. चलच्चित्रें पाहण्यास मात्र तें घेऊं नये.

मुख्य बॅटरीची बहुधा आशा सोडावी. "नवी" म्हणून मिळणारीही कित्येकदां वर्षानुवर्षें गोदामांत पडलेली असते. तिचें कवच फोडून आंतील सेल बदलण्याचा खटाटोप मुलांनीं करूं नये, कारण लिथियमचे सेल आंतल्या आंत जोडले गेल्यास पेट घेतात. ती कचऱ्यांत न टाकतां ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.