जीपचा पंखा आणि विजेचा जमाखर्च

ओहमचा नियम आपण पाठ करितों, परीक्षेंत लिहितों आणि पुढें विसरून जातों. तोच नियम आमच्या करडी गांवांत एका अडलेल्या गाडीस कसा उपयोगीं पडला, तें सांगावें म्हणून हा लेख लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे. ज्या पालकांच्या घरीं गाडी आहे त्यांसही तो निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी आशा आहे.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांजवळ जुनी डिझेल जीप आहे. अशा जीपमध्यें रेडिएटरमागील पंखा एंजिनच्याच पट्ट्यानें फिरतो. एंजिन मंद चाललें कीं पंखाही मंद होतो. वैशाखांत धानाचीं पोतीं भरून सावकाश जातांना या गाडीचें पाणी वारंवार उकळे. म्हणून त्यांनीं तो पंखा काढून विजेवर चालणारा पंखा बसविला. पाणी उकळणें थांबलें. परंतु तीन आठवड्यांतच बॅटरी बसूं लागली. बॅटरी जुनी झाली असें समजून त्यांनीं धान विकून नवी आणिली. दहा दिवसांत तीही बसली, आणि ती नेमकी त्या रात्रीं, जेव्हां शेजारच्या एका बाईस बाळंतपणासाठीं भंडाऱ्यास न्यावयाचें होतें. चार जणांनीं ढकलून गाडी कशीबशी सुरू केली. बाई व बाळ सुखरूप राहिलीं; परंतु आणखी उशीर झाला असता तर काय, हा विचार त्या गृहस्थांस झोंप येऊं देईना.

दुसऱ्या दिवशीं ते आम्हांकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, मला बॅटरीवाल्यानें फसविलें कीं पंखेवाल्यानें?"

आम्ही म्हणालों, "भाऊ, आधीं मोजूं या, मग कोणास बोल लावावयाचा तें पाहूं."

आतां गाडींतील विजेची व्यवस्था समजून घ्या. बॅटरी ही धानाच्या कोठीसारखी आहे. जें आंत भरावें तेंच बाहेर निघतें. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाच्या पत्र्यांची अशी पुनः पुनः भरतां येणारी बॅटरी प्रथम तयार केली. कोठींत भर घालणारें शेत म्हणजे अल्टरनेटर. गांवांत पुष्कळजण त्यास डायनामोच म्हणतात. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लाविलेल्या शोधाच्या, म्हणजे चुंबक व तार यांच्या परस्पर गतीनें वीज निर्माण होते या तत्त्वाच्या आधारें तो चालतो. एंजिन जलद फिरलें तर उत्पन्न अधिक. मंद फिरलें तर कमी.

या जीपच्या अल्टरनेटरवर ३५ अँपिअर हा आंकडा होता. तो जलद गतीचा; उभ्या गाडींत त्याच्या निम्म्याइतकेंच, म्हणजे सुमारें १७ अँपिअर, उत्पन्न धरावें. आतां खर्च पाहा. पंखा १८० वॅटचा होता. १८० ला १२ व्होल्टनीं भागिलें म्हणजे १५ अँपिअर झाले. पुढील दोन दिव्यांचे सुमारें ९, व इतर किरकोळ ३. एकूण खर्च २७ अँपिअर! उत्पन्न १७ व खर्च २७. उरलेले १० कोठींतून निघणार. येथें एक मोठी गोम आहे. गाडी उभी किंवा मंद असते तेव्हांच पंख्याची गरज सर्वांत अधिक, आणि तेव्हांच अल्टरनेटरचें उत्पन्न सर्वांत कमी. नवी बॅटरी आणणें म्हणजे तूट न भरतां केवळ कोठी बदलणें होय.

इतकें गणित कागदावर झालें. पुढें गाडीच्या कारागिराची संमति घेऊन व त्यास बरोबर ठेवून आम्ही इयत्ता नववीच्या चार विद्यार्थ्यांसह मल्टीमीटर लाविला.

पहिली परीक्षा एंजिन बंद असतांनाची. रात्रभर उभ्या असलेल्या भरल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा, येथें १२.१ आढळला. दुसरी परीक्षा एंजिन चालू व पंखा बंद असतांनाची. या वेळीं १३.८ ते १४.४ पाहिजेत, १३.९ मिळाले. म्हणजे अल्टरनेटर मेलेला नव्हता. तिसरी परीक्षा पंखा व दिवे लावून. दाब एकदम १२.२ वर आला, आणि एंजिनची गति वाढविली तरी १२.५ च्या वर जाईना. उलट पट्टा किंचाळूं लागला. पंखा बदलतांना सैल केलेला पट्टा पुनः पुरता ताणला गेला नव्हता, आणि भार वाढतांच तो घसरत होता. पट्टा ताणल्यावर जलद गतींत दाब १३.४ झाला.

तरीही कांहीं कमी पडत होतें. म्हणून चौथी परीक्षा केली: सर्व भार लावून, मीटरचें एक टोंक अल्टरनेटरच्या धडावर व दुसरें बॅटरीच्या ऋण टोंकावर ठेविलें. येथें ०.२ व्होल्टहून अधिक दाब नसावा, ०.६ निघाला. एंजिन व सांगाडा यांस जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. ओहमच्या नियमानें ३० अँपिअरच्या प्रवाहास केवळ ०.०२ ओहमचा अडथळा झाला तरी ०.६ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात. गंज खरडून पट्टी घट्ट आंवळतांच दाब १४.० वर गेला.

राहिली उभ्या गाडींतील तूट. पंखा अखंड फिरत असे. परंतु गाडी वेगांत असतां समोरचा वाराच रेडिएटर थंड करितो. म्हणून पाणी तापल्यावरच पंखा लावणारा थर्मोस्टॅट स्विच बसविला, आणि जाड तार, रिले व स्वतंत्र फ्यूज यांची जोड दिली. दिवे लावून गाडी फार वेळ उभी चालू ठेवूं नये, हेंही मालकांस सांगितलें. ज्यांस तसें करणें भागच असेल, त्यांनीं अधिक क्षमतेचा अल्टरनेटर घ्यावा.

सावधगिरीचे दोन शब्द. असा पंखा आपोआप सुरू होतो. यास्तव बोटें, ओढणी व पदर दूर ठेवावे. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तिच्याजवळ विस्तव नेऊं नये. एंजिन चालू असतां बॅटरीची तार कधींही काढूं नये, कारण त्यानें अल्टरनेटर बिघडतो.

त्या गृहस्थांस आम्ही अखेर सांगितलें कीं, बॅटरीवाल्यानेंही फसविलें नाहीं व पंखेवाल्यानेंही नाहीं. नवा खर्च वाढविला, पण जमेची बाजू कोणीं पाहिली नाहीं, एवढेंच घडलें. मोजल्यावांचून दोष देणें सोपें असतें. परंतु त्यानें गाडी सुरू होत नाहीं. आणि रात्रीं दारांत गाडीची वाट पाहणाऱ्या माणसास गाडी सुरू होणेंच हवें असतें.