जीबीएसची बातमी कशी वाचावी?

प्रश्न : विज्ञान न शिकलेले बातमीदार साथीच्या बातम्या कशा लिहितात? विश्वास किती ठेवावा?
– एक वाचक, रावेत

उत्तर : जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. शहराच्या बातम्या पाहणाऱ्या बातमीदाराला हे नाव उच्चारणेही अवघड. ‘जीबीएसचा विषाणू’ असे लिहिणे सोपे, पण चूक. या आजारात, बहुधा एखाद्या संसर्गानंतर, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही. आधीचा पोटाचा संसर्ग मात्र पाण्यातून पसरू शकतो. रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोविषाणू.

जाणता बातमीदार इथे बाळबोध प्रश्न विचारतो. नमुने रुग्णांचे की एखाद्या विहिरीच्या पाण्याचे? ‘सापडला’ म्हणजे ‘कारण ठरला’ का? लिहिलेला परिच्छेद तो तज्ज्ञाला वाचूनही दाखवतो (त्यात कमीपणा कसला?). आरोग्य खाते संशयित आणि निदान झालेले रुग्ण वेगळे मोजत होते. मथळ्यात दोन्ही एक झाले की घबराट ठरलेली.

तुमच्याच भागाचे पाहा. रावेत बंधाऱ्यावरून उचललेले पवना नदीचे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होते. त्यामुळे ‘पाणी दूषित’ असे छापून आले, तर नमुना बंधाऱ्यावरचा, केंद्रातून निघालेला की सोसायटीच्या टाकीतला, हे बातमीत शोधावे. क्लोरीन किती होते, हेही. यातले काहीच नसेल, तर ती बातमी अर्धीच आहे.