खोकल्याचे औषध : कागदावरचा नियम आणि बाटलीतले विष

‘डॉक्टर, हे औषध मुलाला द्यायला हरकत नाही ना?’ ऑक्टोबर २०२५ पासून हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. पण नुसती बाटली पाहून त्याचे उत्तर मला देता येत नाही. औषधात विष मिसळले आहे की नाही, हे डॉक्टरला डोळ्यांनी दिसत नाही, औषधविक्रेत्याला कळत नाही आणि आईला तर कळण्याचा मार्गच नाही. ते फक्त प्रयोगशाळेत कळते. ती तपासणी होते की नाही, हे पाहण्याचे काम कायद्याने सरकारकडे दिले आहे. म्हणून आज रोगाइतकेच या जबाबदारीविषयीही लिहीत आहे.

छिंदवाड्यात काय घडले?

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-खोकल्याच्या लहान मुलांची लघवी बंद होऊ लागली. अनेक मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना दिलेले ‘कोल्ड्रिफ’ हे सिरप तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात तयार झाले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का! म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मे विषच होते.

विष येते कोठून?

काही औषधे पाण्यात नीट विरघळत नाहीत. म्हणून सिरप करताना प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. ते औषधी दर्जाचे असले पाहिजे. कारखान्यांसाठी विकला जाणारा हलका, स्वस्त माल वापरला किंवा आलेला माल न तपासताच ओतला, तर त्यातून डायएथिलीन ग्लायकॉल औषधात येते. ते रंगहीन आणि चवीला गोडसर असते, त्यामुळे मूल ते निमूटपणे पिते. शरीरात त्यापासून तयार होणारे आम्ल मूत्रपिंडातील बारीक नलिकांचा नाश करते. आधी उलट्या व पोटदुखी, मग लघवी कमी होणे किंवा थांबणे, सुस्ती, कधी झटके असा क्रम दिसतो.

हे प्रथमच घडले काय?

नाही, आणि दुःख त्याचेच आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये याच विषाने शंभरहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी तेथे औषधांसाठी कडक कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. १९९८ मध्ये दिल्ली परिसरात ३३ मुले गेली, तर २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगरला किमान बारा. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूनंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या सिरपांविषयी जगाला इशारा दिला.

नियम आहेत, अंमल कोठे आहे?

आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० पासून आहे. कच्च्या मालाची आणि तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासणे उत्पादकावर बंधनकारक आहे. परवाना राज्य सरकार देते आणि कारखान्याची पाहणी औषध निरीक्षक करतो. भेसळीच्या औषधाने मृत्यू झाल्यास किमान दहा वर्षे ते जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

तरीही कांचीपुरमच्या कारखान्यात मृत्यूंनंतर झालेल्या पाहणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी निघाल्या. इतक्या त्रुटी काही एका रात्रीत होत नाहीत. तो परवाना २०११ पासून चालू होता. मग त्या आधी कोणाला कशा दिसल्या नाहीत? डॉ. माशेलकर समितीने २००३ मध्ये दर ५० कारखान्यांमागे आणि दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा, असे सुचवले होते. निरीक्षकच पुरेसे नसतील, तर नियमपुस्तक कितीही जाड असले तरी त्याचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट मला खटकते. गांबियाच्या घटनेनंतर १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीसाठी मात्र त्या वेळी तशी सक्ती केली गेली नाही. परक्याचे मूल जपावेच, पण आपले काय?

छिंदवाड्यानंतर उत्पादकाला अटक झाली, काही अधिकारी निलंबित झाले, औषध नियंत्रकांची बदली झाली. परंतु बदली म्हणजे जबाबदारी नव्हे. रामनगरच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने औषध खात्याच्या हयगयीवर बोट ठेवून मृत बालकांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्यास सांगितले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२१ मध्ये तेथेही त्याला दाद मिळाली नाही. नियम राबवणे हे सरकारचे उपकार नसून कर्तव्य आहे, हा त्याचा अर्थ.

पालकांनी काय करावे?

लहान मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला काही दिवसांत आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत, अशी केंद्रीय आरोग्य खात्याची ऑक्टोबर २०२५ ची सूचना आहे. मुलाला कोमट पाणी, पेज, अंगावरचे दूध द्यावे. एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध चालतो. त्याखाली मध देऊ नये.

श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असेल, अथवा छाती आत ओढली जात असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. औषध घेतल्यावर उलट्या सुरू झाल्या, मूल सुस्त झाले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर क्षणाचाही विलंब नको. बाटली फेकू नये, सोबत न्यावी. शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला देऊ नये. दुकानातून पावती घ्यावी आणि तीवर बॅच नंबर आहे का ते पाहावे.

नागरिकांचा हक्क

कायद्याच्या २६ व्या कलमानुसार कोणीही नागरिक ठरलेले शुल्क भरून औषधाचा नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा अहवाल मागू शकतो. हे फारच थोड्यांना ठाऊक आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयाला तीन साधे प्रश्न विचारावेत: औषध निरीक्षकांची पदे किती व त्यांतील रिकामी किती? गेल्या वर्षी मुलांच्या पातळ औषधांचे किती नमुने घेतले? त्यांचे अहवाल किती दिवसांत आले?

ग्राहक पंचायत, महिला मंडळ, शाळेची पालक सभा यांपैकी कोणाचाही सदस्य नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने हा अर्ज करू शकतो. उत्तर आले की ते वर्तमानपत्राकडे आणि आमदारांकडे द्यावे. पुढल्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत आणि आकडे ताडून पाहावेत. मुले दगावल्यावर होणाऱ्या चौकशीपेक्षा आधी विचारलेला प्रश्न केव्हाही स्वस्त पडतो.