एका पिंजऱ्यात चार बजरी

पिंजरा घेण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवा: त्यात हिरवा राघू येणार नाही. धार-देवासच्या जुन्या मराठी वाड्यांत ओसरीवर ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणणारा राघू असायचा, त्याची हौस अजून घराघरांत आहे. पण कंठवाला, पहाडी, तुईया हे सगळे आपले पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणं, विकणं आणि पाळणं, तिन्ही गुन्हे आहेत. पाळायचाच तर बजरी पाळा. हा छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून तो पिंजऱ्यातच वाढत आला आहे. त्याला परवाना लागत नाही.

दुकानदार त्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा आणि जबरी चोचीचा. तो बजरीच्या पायाची बोटं तोडू शकतो, म्हणून हे दोघे एका पिंजऱ्यात कधीच नकोत.

चार पक्ष्यांसाठी पिंजरा उंच नको, लांब हवा. बजरी आडवी उडते. लांबी निदान तीन फूट, दोन गजांतलं अंतर १२ मिलिमीटरच्या आत, नाहीतर डोकं अडकतं. दांड्या बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्यांच्या, कमीजास्त जाडीच्या घ्या. एकसारख्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांडीवर तळपाय दुखावतात. दाण्याच्या वाट्या एका कोपऱ्यात एकच न ठेवता दोन टोकांना दोन ठेवा, पाण्याचंही तसंच. खाण्यावरची निम्मी भांडणं एवढ्यानेच मिटतात.

उरलेली भांडणं मडक्यांची. दुकानातून पिंजऱ्याबरोबर मडकीही गळ्यात मारली जातात आणि आपण ती कौतुकाने टांगतो. मग मादी मडक्याच्या तोंडाशी बसते आणि दुसरी मादी दांडीवरून दोन पावलं जवळ सरकली, की मान लांब करून तिच्या पायावर झडप घालते. बजरीत भांडकुदळ मादीच, आणि दोन माद्यांची मडक्यावरची लढाई रक्तापर्यंत जाते. पिल्लं नको असतील तर मडकी काढून टाका. पिल्लं हवी असतील तर जोड्या पुऱ्या असू द्या, जोड्यांपेक्षा दोन मडकी जास्त टांगा आणि सगळी एकाच उंचीवर टांगा. वरच्या मडक्यावरूनच तंटा होतो. नर-मादी ओळखायला चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची पट्टी बघा: मोठ्या नराची बहुतेक निळी, मादीची तपकिरी किंवा पांढुरकी. नुसती सोबत म्हणून पाळायचे असतील तर सगळे नर घ्या. त्यांचं सगळ्यांत छान जमतं.

नवा पक्षी आणला की सरळ जुन्यांत सोडू नका. महिनाभर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, आणि त्याचं दाणापाणी जुन्यांचं उरकल्यावर. त्या दिवसांत चोचीभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळीदार खपली दिसली तर ती खरुजेची कीड असते. त्यावर घरचं तेल लावत बसू नका, पशुवैद्याकडे औषध आहे. महिना सुखरूप गेला की दोन्ही पिंजरे आठवडाभर शेजारी ठेवा. मग सगळ्यांना बाहेर काढा, दांड्या-वाट्यांच्या जागा बदला आणि एकदमच आत सोडा, म्हणजे जुन्यांना ‘ही माझी जागा’ म्हणायला जागाच उरत नाही. पहिला दिवस सुट्टीचा निवडा आणि जवळ बसून राहा. चोचीला चोच लागणं चालतं. पाय धरून ओढणं किंवा एकालाच सतत वाटीपासून हाकलणं दिसलं तर त्या दोघांना वेगळं करा.

खायला राळे (दुकानात ‘कांगणी’ म्हणून मागा), बाजरी आणि सावा. सूर्यफुलाच्या बिया चरबी वाढवतात, त्या बक्षीस म्हणून एखाददुसऱ्याच द्या. नुसत्या दाण्यावर ठेवलेला पक्षी वरून गुबगुबीत दिसतो आणि आतून कुपोषित असतो. रोज धुतलेली कोथिंबीर, मेथी किंवा शेवग्याचा पाला हवाच. समुद्रफेस तारेला बांधून ठेवा. चहा, चॉकलेट, खारट फरसाण आणि अवोकाडो यांतलं काहीही देऊ नका.

माळव्यात पिंजऱ्याची जागा ऋतूप्रमाणे बदलावी लागते. वैशाखात लू सुटली की गच्ची आणि पश्चिमेचा व्हरांडा बंद. घरातल्या गार भिंतीशी ठेवा आणि अंघोळीला पसरट ताटलीत पाणी द्या. कूलरचा झोत थेट नको. पंख पसरून, चोच उघडून धापा टाकणारा पक्षी उष्माघाताच्या वाटेवर असतो. पौषातल्या रात्री तीन बाजूंनी चादर घाला, एक बाजू हवेला मोकळी सोडा. स्वयंपाकघरात पिंजरा बाराही महिने नको. नॉनस्टिक तवा फार तापला की त्याचा धूर पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. कछुआछाप आणि उदबत्तीही लांबच बऱ्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बजरी आजार लपवते. पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासागणिक शेपूट खालीवर होणं, विष्ठा पातळ किंवा हिरवीगार होणं हे दिसेपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून दर रविवारी नेमाने ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येकाला डब्यात घालून तोला आणि वहीत लिहा. बजरीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. त्यातले तीन-चार ग्रॅम उतरले, तर बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी तिला त्याच दिवशी वेगळं करून दाखवून आणा. पिंजरा झाडताना तोंडाला फडकं बांधा, तळाचा कागद ओला करून काढा. पोपटांचा एक ताप त्या धुळीतून माणसालाही होतो.

गल्लीतल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असेल तर महूला जा. १९५५ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, आणि धार किंवा देवासहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी परत येता येतं.