हृदयाच्या नव्या पेशी : आशा आणि सावधगिरी

कातडीची जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तरुणपणीही वर्षाकाठी हृदयातील शेकडा सुमारे एकच स्नायुपेशी नवी होते. मग अशा पेशी शरीराबाहेर वाढविता येतील काय?

आम्ही वर्गात एक दाखला देतो. शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांचे संपूर्ण पुस्तक असते. त्वचेची पेशी त्यातला आपला धडा वाचते, हृदयाची आपला. इतर पाने मिटलेली असतात, फाडलेली नव्हेत. १९६२ साली इंग्लंडात जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक अंड्यात घालून हे सिद्ध केले. २००६ साली जपानात क्योटो येथे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या वाढलेल्या पेशीत चार जनुके घालून तिला मूळ स्थितीस नेले. २००७ साली माणसाच्या त्वचापेशीवरही तेच साधले. या दोघांस २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा मूलपेशीला ठराविक रसायने क्रमाने दिली, म्हणजे सुमारे दहा-बारा दिवसांत तिच्यापासून हृदयाच्या स्नायुपेशी होतात व काचेच्या बशीत आपोआप धडधडू लागतात. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनेही भ्रूणातील मूलपेशींपासून हृदयाच्या पूर्वपेशी तयार केल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. या पेशींवर नव्या औषधांचा गुणदोष रोग्याला न देताच तपासता येतो.

जपानात ओसाका येथे २०२० साली अशा पेशींचे पातळ पापुद्रे रोग्याच्या हृदयावर बसविले गेले. पण अडचणीही आहेत. या पेशी अर्भकाच्या पेशींसारख्या अपक्व राहतात, त्यांमुळे ठोक्यांची लय बिघडू शकते आणि न बदललेली मूलपेशी मागे राहिल्यास गाठ होण्याचे भय असते.

म्हणून आपल्या तामसीतील कुटुंबांस आमचे सांगणे आहे. ‘स्टेम सेलने हृदय नवे करून देतो’ असे कोणी म्हटल्यास शेत गहाण टाकू नका. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांवरील मान्य रोपण सोडता, मंजूर चाचणीबाहेर असा उपचार करणे गैर आहे. मेलेला स्नायू परत येत नाही, हाच या विद्येचा आपल्यासाठी पहिला धडा होय. छातीत कळ आली, घाम सुटला, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वाचविलेली पेशी बशीत वाढविलेल्या पेशीपेक्षा मोलाची आहे.