कॅथेटरद्वारे मेंदूविकारांवर उपचार : काही जाणून घेण्याजोगे

पक्षाघात, म्हणजेच बोलीभाषेतील लकवा, मुख्यतः दोन प्रकारे उद्भवतो. पहिल्या प्रकारात मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी अडकते. दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. अशा रक्तस्रावाचे एक गंभीर कारण म्हणजे वाहिनीच्या दुर्बल भागावर आलेला फुगा, ज्यास वैद्यकात अॅन्युरिझम म्हणतात. यांपैकी अनेक रुग्णांवर आज कवटी न उघडता उपचार करता येतात. त्याचे साधन म्हणजे कॅथेटर ही बारीक, लवचीक, पोकळ नळी होय.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून ही नळी आत सरकवितात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत मानेमार्गे मेंदूपर्यंत नेतात. गुठळी असल्यास तेथे तारेची सूक्ष्म जाळी उलगडून तिच्यात गुठळी पकडतात व बाहेर ओढतात, अथवा नळीतूनच ती शोषून घेतात. फुगा असल्यास त्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. आतले रक्त गोठून फुगा बंद होतो. विलग करता येणारी ही कॉइल गुइडो गुग्लिएल्मी यांनी १९९० साली प्रथम रुग्णावर वापरली. फुगा फुटलेल्या २१४३ रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शेकडा सुमारे ३१, तर कॉइलनंतर सुमारे २४ आढळले. तथापि प्रत्येक फुगा कॉइलयोग्य नसतो, आणि नंतरही तपासणी आवश्यक असते.

मोठ्या धमनीतील गुठळी कॅथेटरने काढण्याचा लाभ २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी सिद्ध केला. हा उपचार साधारणतः पहिल्या सहा तासांत करतात. २०१८ पासून निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येतो. परंतु मोठी धमनी बंद असताना दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, हे विसरता येणार नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा खरा प्रश्न येथेच आहे. धडगाव वा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरून घाट उतरण्यातच मोलाचा वेळ जातो, आणि कॅथेटर उपचाराची सोय मुख्यतः सुरत, नाशिक, मुंबई अशा शहरांत आहे. म्हणून प्रथम सीटी स्कॅन असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. गुठळीच असल्याचे निश्चित झाल्यास ती विरघळविणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येते व रुग्णास पुढे पाठविता येते.

कुटुंबीयांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, किंवा पूर्वी कधीही झाली नव्हती अशी अचानक तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रुग्ण शेवटचा केव्हा ठीक होता ती वेळ लिहून ठेवावी. तोंडावाटे अन्न, पाणी वा गोळी देऊ नये. रक्तस्राव असल्यास अॅस्पिरिन घातक ठरू शकते. झाडपाला वा मालिश यांत वेळ दवडू नये.

आपल्या भागात सिकलसेल आजार आढळत असल्याने लहान मुलांतही पक्षाघात संभवतो. अशा मुलांवर मुख्य तातडीचा उपचार रक्तसंक्रमणाचा असतो. म्हणून सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे.

रक्तदाबावर नियंत्रण आणि तंबाखूचा त्याग हे दोन उपाय गुठळी व फुगा या दोन्हींचा धोका कमी करतात. दात्यांच्या साहाय्याने उभी राहणारी प्रत्येक रुग्णवाहिका व तपासणीची प्रत्येक सोय या अंतरातील काही मिनिटे वाचविते, आणि त्या मिनिटांवर रुग्णाचे पुढील चालणे-बोलणे अवलंबून असते.