साथीतील भाऊबीज : धास्तीचे गणित

२०२० सालची दिवाळी तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जगभर पसरलेली साथ असल्याचे म्हटले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. नोव्हेंबरपर्यंत निर्बंध बरेच सैल झाले होते, पण लस अजून हाती आली नव्हती. आपल्या देशात लसीकरण सुरू झाले ते १६ जानेवारी २०२१ रोजी. अशा वेळी १६ नोव्हेंबरला भाऊबीज आली आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहिला : आत्याला, ताईला, मामाला बोलवायचे की नाही? घरात पंचाहत्तरीची आजी आहे. तिला काही झाले तर? आणि कोणालाच बोलावले नाही, तर आठ महिने लेकीचे तोंड न पाहिलेल्या त्या आजीला काय सांगायचे?

कोणी म्हणे, "काही होत नाही, सगळ्यांना बोलवा." कोणी म्हणे, "दाराला कडी लावून बसा." पहिल्या सल्ल्यात विचार नाही, दुसऱ्यात भीतीवाचून काही नाही. मग शास्त्राची वाट कोणती? जे मोजता येते ते मोजावे आणि मग ठरवावे, ही.

धास्ती कशाला वाटते?

संकटाची चाहूल लागताच आपल्या मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास जलद होतो, स्नायूंना जादा रक्त मिळते. समोर साप आला तर ही तयारी जीव वाचवते. पण विषाणू डोळ्यांना दिसत नाही. त्याच्यापासून पळावे तरी कोठे? शरीराची तयारी वाया जाते आणि मनात काळजी घोळत राहते. 'काय होईल?' या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून तो मोडून त्याचे लहान प्रश्न करावेत : माणसे किती? हवा किती? वेळ किती?

माणसे किती?

समजा, गावात १०० माणसांमागे १ जण दुसऱ्याला लागण देऊ शकेल अशा स्थितीत आहे. (हा आकडा केवळ उदाहरणापुरता घेतला आहे.) मग कोणताही एक पाहुणा निर्धोक असण्याची शक्यता ०.९९. दहा पाहुणे आले, तर सगळेच निर्धोक असण्याची शक्यता ०.९९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.९०. याचाच अर्थ, निदान एक बाधित माणूस घरात येण्याची शक्यता १० टक्के. पाहुणे ५० असतील तर ती सुमारे ४० टक्के होते, आणि १०० असतील तर ६३ टक्के. तेव्हा पाहुण्यांची यादी आखडणे हा पहिला उपाय.

"पण आम्हांला तर बरे वाटते आहे," असे पाहुणे म्हणतील. या रोगात लक्षणे दिसू लागण्याच्या एकदोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत. बरे वाटणे हा पुरेसा पुरावा नव्हे. मात्र घसा खवखवत असेल, अंग कसकसत असेल, तर घरीच राहावे, हे निश्चित.

हवा किती?

बोलताना तोंडातून तुषार उडतात. मोठे तुषार एकदोन मीटरच्या आत खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत एका कोपऱ्यात उदबत्ती लावा. थोड्याच वेळात ती दुसऱ्या कोपऱ्यात जाणवते. श्वासाचेही तसेच.

आता हिशेब करू. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. घनफळ १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ८ लिटर हवा आतबाहेर करतो. आठ माणसे दोन तास बसली, तर ८ × ८ × १२० = ७,६८० लिटर. खिडक्या बंद असतील, तर खोलीतील हवेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक हवा कोणाच्या ना कोणाच्या फुप्फुसांतून जाऊन आलेली असेल!

खिडक्या उघडल्या की काय होते? खोलीच्या घनफळाइतकी ताजी हवा आत आली, तरी ती जुन्या हवेत मिसळत जात असल्याने सुमारे ३७ टक्के जुनी हवा उरतेच. दुसऱ्यांदा तेवढीच हवा आल्यावर १४ टक्के उरते आणि तिसऱ्यांदा ५ टक्के. म्हणून खिडकी क्षणभर उघडून भागत नाही, सतत उघडी हवी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उत्तम. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. टेबलपंखा खिडकीकडे तोंड करून ठेवला, तर तो आतली हवा बाहेर लोटतो. अंगण किंवा गच्ची मिळाली, तर सर्वांत चांगले.

वेळ किती?

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची तालीम झाली. हजर ६१ जण. त्यांतील एकाला सर्दीसारखी लक्षणे होती. अडीच तास गाणे झाले. पुढे त्या एकासह ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले आणि त्यांपैकी दोघे दगावले. बंद जागा, मोठा आवाज आणि दीर्घ वेळ असे तिन्ही तेथे एकत्र आले होते. गाताना किंवा ओरडून बोलताना तोंडातून कितीतरी अधिक कण बाहेर पडतात.

चाळणीवर चाळणी

कोणताही एक उपाय पुरा पडत नाही. मास्क, उघड्या खिडक्या, थोडी माणसे, थोडा वेळ, यांतील प्रत्येक उपाय चाळणीसारखा आहे. त्याला भोके आहेत. पण चाळणीवर चाळणी ठेवली, तर आरपार जाणारे कमी होत जाते. प्रत्येकाने धोका निम्मा होतो असे धरले, तर चार उपायांनंतर १/१६ उरतो. शून्य मात्र कधीच होत नाही.

आता त्या आजीकडे वळू. भाऊबीज गच्चीवर, दुपारच्या उजेडात, तास-दीड तासाची करता येते. ओवाळताना दोघांच्याही तोंडावर मास्क. फराळाच्या वेळी मास्क काढावाच लागतो. म्हणून प्रत्येक घरच्यांनी वेगळे, अंतर राखून बसावे. आजीची खुर्ची वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वारा तिच्याकडून इतरांकडे जाईल अशी. नंतर कोणी आजारी पडल्यास त्याने न लाजता सर्वांना कळवावे. आणि आदल्या दिवशी आत्याला ताप आला, तर तिने येऊ नये. आजीने फोनवरच तिचा आवाज ऐकावा. हे तुटकपणाचे लक्षण नव्हे, मायेचेच आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि पुढे कधी दुसरी साथ येणारच नाही असेही नाही. तेव्हा हा हिशेब विसरू नका. आकडेमोडीने धास्ती नाहीशी होत नाही, पण तिच्या हाताला काम मिळते.

करून पाहा : (१) तुमच्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. दारेखिडक्या बंद असतील, तर ५० विद्यार्थी एका तासात वर्गातील हवेचा कितवा हिस्सा श्वासावाटे आतबाहेर करतील? (२) शिक्षकांच्या देखत वर्गात उदबत्ती लावून, कोणत्या खिडक्या उघडल्यास धूर लवकर बाहेर जातो ते पाहा.